दोष आधी सांगावा

मुलगी दोन बॅगा घेऊन भर दुपारी घरी आली, तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. कामाचा दिवस होता. ती शहरात अड्यारला एका मैत्रिणीबरोबर भाड्याने राहत असे आणि शहराबाहेर आवडी गावी आमच्याकडे महिन्यातून एखाद्या रविवारी येई. बॅगा कोपऱ्यात ठेवून ती म्हणाली, "बाबा, माझी पोझिशन काढून टाकली."

"पोझिशन म्हणजे?"

"माझं पद."

"आणि तू?"

"मीही गेले. पण कारण मी नाही, पद आहे, असं म्हणाले."

हे मला त्या वेळी समजले नाही आणि आजही पुरते समजलेले नाही. मी एका संरक्षण कारखान्यात छत्तीस वर्षे तपासनीस होतो. आमच्याकडे पद एकदा मंजूर झाले की ते राही. माणूस निवृत्त होई, बदलून जाई, क्वचित मरे. पद मात्र कागदावर वर्षानुवर्षे रिकामे असे आणि ते भरावे म्हणून आम्ही अर्ज करीत असू. इथे पद नाहीसे झाले होते आणि माणूस माझ्या हॉलमध्ये उभा होता.

"कुणी सांगितलं?"

"व्हिडिओ कॉल होता. एक बाई होत्या, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पंधरा मिनिटं. त्यातली पाच मिनिटं त्यांचा आवाजच येत नव्हता."

"तुझा साहेब?"

"तो होता. कॅमेरा बंद ठेवला होता त्याने."

तिची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने बॅगांकडे पाहिले. "आधी हातपाय धू," ती म्हणाली. "भात आहे, रसम आहे." मुलगी आत गेली. मी पुन्हा वर्तमानपत्र उघडले. तेच पान होते, पण कोणती बातमी वाचत होतो ते सापडले नाही.

मुलीचे काम म्हणजे संगणकाच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणे. अकरा वर्षे तिने ते एकाच कंपनीत केले. मी लोखंडातले दोष शोधले. तिने हाताला न लागणाऱ्या वस्तूतले शोधले. यापलीकडे तिच्या कामाविषयी मला माहिती नव्हती आणि तिने ती दिली नव्हती. आम्ही दोघेही कमी बोलतो. घरात बोलण्याचे काम तिच्या आईकडे आहे.

आठवड्याभरात तिने शंभरेक ठिकाणी अर्ज केले. अर्ज संगणकच वाचतो आणि संगणकच नाकारतो, असे ती म्हणाली. एका रविवारी सकाळी अर्ज केला आणि अंघोळ करून बाहेर येईपर्यंत नकार आला. रविवारी तिथे कामावर कोण होते, असे मी विचारले. ती हसली नाही. कोणीच नव्हते, म्हणाली.

मग दोन मुलाखती झाल्या, दोन्ही आतल्या खोलीत, लॅपटॉपसमोर. दोन्हींनंतर काही कळले नाही. तेव्हा मी ठरवले की यात मला काही करता येण्यासारखे आहे. कारखान्यात भरतीच्या तोंडी परीक्षेला मी सोळा वर्षे मंडळावर बसलो होतो. टेबलाच्या या बाजूला बसून शेकडो माणसे पाहिली होती. मुलाखत म्हणजे काय ते मला शिकवता येईल, याविषयी मला शंका नव्हती.

रोज सकाळी साडेदहाला जेवणाच्या टेबलाशी मी बसू लागलो. मुलगी दाराबाहेर उभी राही, परवानगी मागून आत येई, सांगितल्यावर बसे. तिची आई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वालाच्या शेंगा सोलत असे.

"पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतेस, असं ते विचारतात," मुलगी म्हणाली.

"हा काय प्रश्न झाला? ऑफिस ठेवील तिथे."

"असं उत्तर दिलं तर गेलेच मी."

"मग खरं उत्तर काय?"

"खरं उत्तर नसतं, बाबा. छान उत्तर असतं."

"मंडळावर मीही आहे ना?" तिच्या आईने मध्येच विचारले. "मग उमेदवाराला माझा एक प्रश्न. जेवायला केव्हा बसणार?"

"हा प्रश्न अध्यक्षांना विचार," मुलगी म्हणाली.

"अध्यक्षांना मी चाळीस वर्षं विचारतेय."

मला एक मूळ गोष्ट सांगायची होती आणि ती मी त्याच दिवशी सांगितली.

आमच्या कारखान्यात कारागिराने केलेला प्रत्येक भाग तपासणीला येई. आराखड्यात दिलेल्या मापापेक्षा तो केसभर जास्त किंवा कमी झाला असेल, तर कारागिराने त्याला एक चिठ्ठी बांधायची: अमुक ठिकाणी एवढी तफावत झाली आहे. त्या चिठ्ठीला आम्ही डेव्हिएशन म्हणत असू. चिठ्ठी बांधून आलेल्या भागाचा वेगळा विचार होई आणि पुष्कळदा तो चालवून घेतला जाई. चिठ्ठी नसताना आम्हाला दोष सापडला, तर भागाला लाल रंग लागे आणि कारागिराचे नाव वहीत जाई. माझ्या पहिल्या साहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, की लपवलेला दोष हा गुन्हा आहे आणि सांगितलेला दोष हे काम आहे. मी छत्तीस वर्षे या वाक्यावर काढली.

"तेव्हा तू काय करायचं," मी मुलीला म्हणालो, "तर मुलाखतीला बसताच, त्यांनी विचारण्याआधी सांगायचं, की मी नोकरी सोडलेली नाही, मला कमी केलेलं आहे. दोष आधी सांगावा. मग समोरच्याला शोधायला काही उरत नाही."

तिची आई शेंग सोलायची थांबली. "अहो, ती तुमच्या कारखान्यातला बोल्ट आहे का?"

"तत्त्व तेच."

"आणि त्यात तिचा दोष कुठला? पदाचा होता ना?"

मुलगी मात्र विचार करीत होती. "सगळे सांगतात, की विचारल्याशिवाय बोलू नका," ती म्हणाली. "पण ते लपवून बोलताना मला घाम येतो. त्यापेक्षा हे बरं." तिने ते वाक्य इंग्रजीत बसवले आणि पाठ केले. मी ते दोन ठिकाणी दुरुस्त करून दिले.

त्यानंतरच्या मुलाखती मी हॉलमध्ये बसून ऐकल्या. ऐकण्याचा हेतू नव्हता. आमचे घर लहान आहे. दार बंद असे. आधी नमस्कार, मग तिचे ते वाक्य, स्वच्छ आणि न अडखळता. मग शांतता. मग समोरचा माणूस काहीतरी सहानुभूतीचे बोले, दोन-चार सोपे प्रश्न विचारी आणि आभार मानी. पाऊण तासाची मुलाखत वीस मिनिटांत संपे. ती बाहेर येऊन पाणी पिई. मी विचारी, "वाक्य नीट झालं?" ती म्हणे, "नीट झालं."

असे सात वेळा झाले. वाक्य नीट होत होते आणि नोकरी मिळत नव्हती. यात कारण आणि परिणाम असा काही संबंध असेल, हे मला सुचले नाही. मला वाटले, तिच्या आवाजात कमी पडत आहे. मी तिला मान वर करून बोलायला सांगितले.

सहा महिने होत आले. आता ते नोकरी जाण्याबरोबर मधल्या रिकाम्या महिन्यांबद्दलही विचारू लागले. ही मुदत आणखी वाढली तर या क्षेत्रात आपल्याला कोणी परत घेणार नाही, असे ती एकदा आईला म्हणाली. मला म्हणाली नाही. मी ते दुसऱ्या खोलीतून ऐकले.

अशात नुंगंबाक्कमच्या एका कंपनीने तिला प्रत्यक्ष बोलावले. लॅपटॉपवरच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. ही शेवटची, समोरासमोर. त्या दोन फेऱ्यांत प्रश्नोत्तरे लेखी होती, त्यामुळे वाक्य म्हणायची वेळ आली नव्हती. तिने मला सोबत यायला सांगितले नव्हते. मला त्या बाजूला काम आहे, असे मी सांगितले. काम नव्हते.

आवडीहून सेंट्रलला जाणारी सकाळची गाडी नेहमीसारखी होती. मुलीला खिडकी मिळाली; मी तिच्या समोर बसलो. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये सगळी मूळ प्रमाणपत्रे होती. ती आजकाल कोणी पाहत नाही, असे तिने सांगितले होते. मी तरी घ्यायला लावली होती. कव्हर दोन्ही हातांनी धरून ती ओठांतल्या ओठांत ते वाक्य म्हणत होती.

तसेच कव्हर तसेच धरलेला एक माणूस मला त्या वेळी आठवला. त्याला मी वीस-बावीस वर्षांत आठवले नव्हते. तो टर्नर होता, लेथ यंत्रावर काम करणारा. चाळिशीचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला. कोइंबतूरकडच्या कुठल्याशा बंद पडत आलेल्या गिरणीतून आला होता. आम्ही मंडळावर तिघे होतो. आम्ही बसायला सांगण्याआधी तो उभ्यानेच तमिळमध्ये म्हणाला, "सार, आधीच सांगतो. गिरणीने माणसं कमी केली, त्यात मला कमी केलं." आमच्या अध्यक्षांनी मान हलवली. मग काय विचारावे हे आम्हा तिघांनाही सुचले नाही. कुणीतरी मुलेबाळे किती असे विचारले. तो गेला. त्याच्या कागदावर शेरा मी लिहिला. अक्षर माझे होते, शब्दही माझे होते: प्रामाणिक. शिफारस नाही.

असे मी का लिहिले? गाडीत बसून मी कारण शोधू लागलो आणि मला ते सापडेना. लेखी परीक्षेत त्याला बरे गुण होते. लेथवरची परीक्षा तोंडी परीक्षेनंतर असे, त्यामुळे त्याचा हात कुणी पाहिलाच नव्हता. बहुधा माझ्या मनात असे आले असावे, की गिरणीने काहींना ठेवले आणि याला काढले, तर काही पाहूनच काढले असेल. हे मी त्या वेळी उघड मनाशी म्हटले नव्हते. पण दुसरे काय असणार? दोष आधी सांगणारा माणूस माझ्यासमोर उभा राहिला होता, आणि मी त्याला लाल रंग लावला होता.

मग गेले पाच महिने मी मुलीला काय शिकवत होतो?

सेंट्रलला उतरून आम्ही चालत पार्क स्टेशनला गेलो आणि दुसरी गाडी धरली. मला तिला सांगायचे होते. कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हते. नुंगंबाक्कमला उतरून आम्ही चालत त्या इमारतीपाशी पोहोचलो. काचेची इमारत होती. फाटकाशी पहारेकरी होता. मुलीने नाव लिहिले, पिशवीतून पाण्याची बाटली काढून एक घोट घेतला आणि ती आत वळणार, तेवढ्यात मी म्हणालो, "ते वाक्य आधी बोलू नकोस."

ती थांबली. "कुठलं?"

"तेच."

"बाबा, पाच महिने तुम्ही—"

"हो."

"मग आता का?"

"कारण सांगायला वेळ लागेल. तुझी वेळ झाली आहे."

"त्यांनी विचारलं तर?"

"विचारलं तर सांग."

"आणि नाही विचारलं तर?"

"मला माहीत नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "हे वाक्य तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकतेय," ती म्हणाली आणि आत गेली.

पहारेकऱ्याने मला आपली खुर्ची देऊ केली. मी नको म्हटले आणि समोरच्या चहाच्या दुकानापाशी उभा राहिलो. चहा दोनदा घेतला. कारखान्यात एखादा निर्णय चुकीचा ठरला, तर तो कुठल्या पायरीला चुकला हे मागे जाऊन शोधण्याची पद्धत होती. मी तसे करून पाहिले. साहेबांचे वाक्य चूक होते का? ते चूक नव्हते. त्या वाक्यावर चाललेल्या कामात कधी अपघात झाला नव्हता. मुलीला ते सांगणे चूक होते का? की आज फाटकाशी ते मागे घेणे चूक होते? प्रत्येक पायरी स्वतंत्र पाहिली तर बरोबर दिसत होती. तिसरा चहा मी घेतला नाही.

ती पन्नास मिनिटांनी बाहेर आली. रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, "घोटाळा झाला."

"काय झालं?"

"बसल्याबरोबर सवयीने तोंड उघडलं. अर्धं वाक्य बोलले. मग तुमचं आठवलं आणि थांबले. ते म्हणाले, बोला, बोला. मग काय बोलणार? ना धड सांगितलं, ना धड लपवलं. त्यांना वाटलं असणार, हिने काहीतरी भलतंच केलंय."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

"चहा तरी घेऊ दे," ती म्हणाली. मी तिच्यासाठी चहा सांगितला.

परतीच्या गाडीत मी तिला टर्नरची हकीकत सांगितली. जशी घडली तशी, शेऱ्यातल्या शब्दांसह. ती खिडकीबाहेर पाहत ऐकत होती. विल्लिवाक्कम गेले, अंबत्तूर गेले.

"त्याचं पुढे काय झालं?" तिने विचारले.

"माहीत नाही."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"मंडळ उठल्यावर विचारत नसत."

रागावली असती तर मला समजले असते. ती रागावलेली दिसत नव्हती. स्टेशनच्या जिन्यावर तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. त्या पिशवीला काही वजन नव्हते.

नुंगंबाक्कमहून काही कळले नाही. साडेदहाची बैठक बंद झाली. मी एक-दोन दिवस टेबलाशी बसून पाहिले. मुलगी आपल्या खोलीतच राहिली, आणि तिच्या आईने माझ्यासमोर शेंगांचे ताट ठेवले. "बसलाच आहात तर सोला," ती म्हणाली. मी सोलल्या. मुलाखती कधी आहेत, हे मला सांगणे मुलीने बंद केले. ते योग्यच होते. मी विचारणेही बंद केले.

दोन महिन्यांनी तिला अड्यारच्या एका संशोधन संस्थेत काम मिळाले. प्रयोगशाळेतली यंत्रे ज्या प्रोग्रामवर चालतात त्यांची तपासणी करायची. मला ते तिच्या आईकडून कळले. तपशीलही तिनेच दिला: त्यांनी मुलाखत घेण्याआधी मुलीला एक बिघडलेला प्रोग्राम दिला होता आणि दोन दिवस तिथे बसवून चुका शोधायला सांगितले होते. तिने त्यांना माहीत असलेल्या सगळ्या शोधल्या आणि माहीत नसलेली एक शोधली. आधीची नोकरी का गेली, हे शेवटच्या दिवशी एका फॉर्मवर भरायचे होते. तिने भरले. तो फॉर्म कुणी वाचला की नाही, ते तिला ठाऊक नाही.

ती पुन्हा अड्यारला राहू लागली आणि पुन्हा महिन्यातून एखाद्या रविवारी येऊ लागली. या गोष्टीचा विषय आमच्या घरात निघत नसे. गेल्या महिन्यात तो तिनेच काढला. आम्ही तिघे जेवत होतो.

"बाबा, आमच्याकडे एक जागा भरायची आहे. मुलाखती घ्यायला मलाही बसवलंय."

"बरं."

"परवा एक जण आला होता. माझ्याहून मोठा असेल. खुर्चीवर टेकला आणि लगेच म्हणाला, मला आधीच्या कंपनीने कमी केलंय, ते आधी सांगतो."

तिच्या आईने माझ्याकडे पाहिले. मी भातात ताक कालवत होतो.

"मग?" मी विचारले.

"मग कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मला प्रश्नच सुचेना. त्याच्या मुलीची शाळा कुठली, असं काहीतरी विचारलं आणि तो गेला." तिने पापड मोडला. "उद्या शेरा द्यायचाय. काय लिहू?"

सोळा वर्षे शेरे लिहिलेल्या माणसाला हा प्रश्न सोपा असायला हवा होता. ताक कालवून झाले होते तरी मी कालवत राहिलो. मग मला कारखान्यातली एक साधी गोष्ट आठवली, जी मी मुलीला कधी सांगितली नव्हती, कारण ती सांगण्यासारखी आहे असे मला वाटलेच नव्हते.

"चिठ्ठी बांधलेला भाग आला," मी म्हणालो, "की आम्ही तो नुसता चिठ्ठी वाचून पास करत नव्हतो आणि नापासही करत नव्हतो. जोडणी विभागात नेऊन तो यंत्रात बसवून बघायचो. बसला आणि फिरला, तर घ्यायचा."

"हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"नव्हतं."

"त्या टर्नरला लेथवर—"

"नाही. तिथपर्यंत तो गेलाच नाही."

"आता तरी जेवा," तिची आई म्हणाली. "दोघं."

मी जे सांगितले ते माणसांना लागू पडते की फक्त लोखंडाला, हे मला त्या वेळी माहीत नव्हते. तसे तिला सांगावे असे वाटले, पण ती डाव्या हाताने मोबाइल पुढे ओढून काही लिहू लागली होती. जेवताना मोबाइल घेतलेला मला चालत नाही आणि ते तिला माहीत आहे. काय लिहिते आहे ते मला दिसले नाही. चष्मा आतल्या खोलीत होता; मी तो मागितला नाही.